जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांची बेअरिंगे: ग्रीस आणि नट यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू पडते?

ज्या गाड्यांची मागची चाके ओढणारी आहेत (म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो) आणि पुढच्या प्रत्येक हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, दोन टेपर रोलर बेअरिंगे आहेत, एक आतले मोठे आणि एक बाहेरचे लहान, त्या गाड्यांना ही माहिती लागू पडते. पूर्वी मद्रासला तयार होत असलेली स्टँडर्ड हेराल्ड हे त्याचे चांगले उदाहरण आहे आणि माझा या कामाशी संबंध आला तो घरच्या हेराल्डमुळेच. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्येही बेअरिंगे टेपरचीच असतात. मात्र चार चाकी ओढीची व्यवस्था असल्यामुळे तिच्या नटांची रचना वेगळी आहे आणि तिच्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

मारुती ८०० किंवा त्यानंतरच्या पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांना ही रीत लावू नये. त्यांच्या पुढच्या हबचा नट बराच जोर लावून आवळायचा असतो आणि तो बोटाने बसवला तर चाक धोक्यात येते. आपल्या हबमध्ये काय आहे याची खात्री नसेल, तर हब उघडण्यापूर्वी त्या गाडीचे मॅन्युअल पाहावे आणि मॅन्युअलमधला आकडा व इथला आकडा यांत फरक आढळल्यास मॅन्युअलचाच धरावा.

टेपर बेअरिंगचा नट इतका जपून बसवावा लागतो, तो का?

बॉल बेअरिंगमध्ये गोळ्या आणि त्यांची वाट यांतले अंतर कारखान्यातच ठरलेले असते. टेपर रोलर बेअरिंगचे तसे नाही. त्यातले रोलर एका बाजूला निमुळते असतात, ते कोनावर, म्हणजे आतल्या निमुळत्या कड्यावर, बसतात आणि बाहेरचे कडे, म्हणजे कप, हबमध्ये ठोकून बसवलेले असते. कोन जितका आत ढकलाल तितके रोलर कपात घट्ट बसतात, म्हणजे बेअरिंगमधली फट किती राहणार हे शेवटचा नट ठरवतो. सेंट लुईसचे घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांना अशा बेअरिंगचे अमेरिकन पेटंट १८९८ मध्ये मिळाले. वळणावर गाडीला बाजूने येणारा रेटा साध्या बेअरिंगांना पेलत नसे, ही त्यामागची अडचण होती. चाकावरचा उभा भार आणि वळणावरचा आडवा रेटा हे दोन्ही एकाच बेअरिंगने पेलावेत, यासाठी तो उतार आहे.

ही फट फार बारीक असते. बहुतेक जुन्या मॅन्युअलमध्ये ती ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर एवढी दिलेली आढळते आणि काही गाड्यांना ०.२० मिलिमीटरपर्यंत चालते. म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीच्या आसपासचा हा हिशेब आहे. गाडी चालू लागली की हब आणि बेअरिंग तापून फुगतात. थंड असताना ठेवलेली थोडी फट त्या फुगण्यासाठीच असते आणि नट कसून आवळला की ती जागाच उरत नाही.

नट जरा जास्त आवळला तर नेमके काय होते?

रोलर कपावर दाबले जातात, त्यांच्यामधला ग्रीसचा पातळ थर तुटतो, धातूवर धातू घासू लागतो आणि उष्णता वाढते. उष्णतेने कोन फुगतो आणि बेअरिंग आणखी कसले जाते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

आमच्या हेराल्डचे पुढचे डावे चाक एकदा पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये ग्रीस करून आणले होते. चाक वर उचलून हाताने फिरवले तर ते लगेच थांबे. वडिलांना वाटले, नवे ग्रीस आहे, जड असणारच. महाबळेश्वरला निघालो, खंबाटकी ओलांडला आणि सुरूर फाट्याला चहासाठी थांबलो तेव्हा त्या चाकाजवळ जळक्या तेलाचा वास येत होता. हबच्या टोपीवर, म्हणजे बाहेरून बेअरिंग झाकणाऱ्या पत्र्याच्या झाकणावर, पाण्याचे दोन थेंब टाकले, ते चर्र करून उडाले. परत आल्यावर हब उघडला तर आतल्या बेअरिंगची जागा स्टब ॲक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्यावर, निळसर पडली होती, ग्रीस काळे आणि पाण्यासारखे झाले होते आणि कोन हाताने निघेना. पोलाद निळे पडले म्हणजे ते एवढे तापले की त्याची कठीणता गेली. तो स्टब ॲक्सल बदलावाच लागला.

किंचित ढिले राहिलेले बेअरिंग आवाज करते, चाक हलवले की हाताला जाणवते आणि दुरुस्तीला वेळ देते. कसलेले बेअरिंग मात्र पहिल्या ५०–१०० किलोमीटरमध्येच बिघडते आणि तोपर्यंत त्याचा आवाजही येत नाही. म्हणून दोन्हींतली एक चूक होणारच असेल, तर ढिलेपणाकडे झुकलेली बरी, असे माझे ठाम मत आहे.

बेअरिंग खराब झाले आहे हे गाडी न उघडता कसे ओळखावे?

सर्वांत भरवशाची खूण आवाजाची आहे. सरळ रस्त्यावर ५०–६० च्या वेगाला खालून एकसारखी घरघर येते. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बाजूचे. टायरचा आवाजही असाच येतो, पण तो रस्ता बदलला की बदलतो. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावरही घरघर तशीच राहिली, तर संशय बेअरिंगवर घ्यावा.

दुसरी तपासणी गाडी उचलून करतात. चाकाला वरून आणि खालून धरून, म्हणजे घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून, आतबाहेर हलवावे. खट्‌खट् जाणवली तर आतमधल्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खटखट नाहीशी झाली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने ड्रम जाम होतो. तशीच राहिली तर तो किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यात, आहे आणि हबचा नट आवळून काहीही उपयोग होणार नाही. या एका कसोटीअभावी कित्येक चांगली बेअरिंगे उगीच कसली गेलेली मी पाहिली आहेत.

किती किलोमीटरनंतर ग्रीस बदलावे?

साधारण १५ ते २० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते. कोकणात चालणारी किंवा पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून गेलेली गाडी याला अपवाद आहे. ब्रेक मारून तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले असेल, तर पाऊस संपण्याची वाट न पाहता हब उघडून ग्रीस पाहावे. ते दुधट किंवा साईसारखे दिसले तर आत पाणी गेले आहे.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे बेअरिंग तर उघडल्याशिवाय रस्त्यावर आणूच नये. ग्रीसमधले तेल झिरपून जाते, मागे साबणासारखा कडक थर उरतो आणि रोलर ज्या ठिकाणी कपाला टेकून राहिले त्या ठिकाणी गंज धरतो. असा कप पुसून उजेडात धरला की रोलरच्या अंतराअंतरावर काळ्या रेघा दिसतात. त्या नखाला लागत असतील तर बेअरिंग बाद समजावे.

नुसत्या टोपीत ग्रीस भरले तर चालेल का?

नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी टोपी काढायची, तिच्यात ग्रीस कोंबायचे आणि परत ठोकायची, ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते. टोपीतले ग्रीस टोपीतच राहते. बाहेरच्या बेअरिंगला त्यातले फारसे मिळत नाही आणि आतल्या मोठ्या बेअरिंगला, जे जास्त भार पेलते, काहीच मिळत नाही. शिवाय जुने, मळलेले ग्रीस आत तसेच राहते. हब काढून, दोन्ही बेअरिंगे धुऊन, नव्याने ग्रीस भरणे याला दुसरा मार्ग नाही.

कोणते ग्रीस घ्यावे?

लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचे, घट्टपणाचा क्रमांक २ असलेले, डब्यावर चाकांच्या बेअरिंगसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले ग्रीस घ्यावे. साधे लिथियम ग्रीस साधारण १८०–१९० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळून गळू लागते, कॉम्प्लेक्स प्रकार त्याहून बराच पुढे जातो. डिस्क ब्रेक असलेल्या किंवा घाटात वरचेवर उतरणाऱ्या गाडीला हा फरक महत्त्वाचा आहे. पूर्वी सर्रास वापरले जाणारे पिवळे कप ग्रीस कॅल्शियमचे असते. ते पाण्याला चांगले टिकते, पण शंभर अंशांच्या आसपासच पातळ होते. स्प्रिंगच्या शॅकलला ते चालेल, चाकाला नको.

दोन प्रकारची ग्रीसे एकत्र करू नयेत. वेगवेगळ्या साबणांवर (ग्रीसला घट्टपणा देणाऱ्या लिथियम, कॅल्शियम यांच्या घटकांवर) बनवलेली ग्रीसे मिसळली की मिश्रण पुष्कळदा पातळ होऊन सीलमधून बाहेर येते आणि ब्रेकच्या लायनरवर पडते. म्हणूनच जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढावे लागते.

हब काढताना कोणती काळजी घ्यावी?

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलल्यावर गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या खाली हात घालू नये. हे सगळ्यांना माहीत असते आणि घाईत सगळेच विसरतात.

टोपी काढताना तिच्या कडेला छिन्नीने थोडे थोडे, फिरवत फिरवत ठोकावे, म्हणजे ती वाकडी होत नाही. नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढावी आणि ती पुन्हा वापरू नये. नट सोडताना तो फिरत नसेल तर जोर करण्याआधी आट्यांची दिशा पाहावी, कारण काही गाड्यांमध्ये एका बाजूच्या स्टब ॲक्सलला उलटे आटे असतात. नटाखाली जीभ असलेला वॉशर असतो. ती जीभ ॲक्सलवरच्या खाचेत बसते, त्यामुळे बेअरिंग फिरले तरी नटापर्यंत ते फिरणे पोहोचत नाही. जीभ झिजलेली असेल तर वॉशर बदलावा.

ड्रम काढल्यावर दिसणारी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात जाणे धोक्याचे असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे.

बेअरिंग धुवायचे कसे आणि तपासायचे कसे?

रॉकेल किंवा डिझेल पसरट भांड्यात घेऊन ब्रशने धुवावे, मग स्वच्छ रॉकेलमध्ये पुन्हा एकदा बुडवावे. पुसायला बनियनचे कापड वापरावे. कॉटन वेस्टचे (सुताच्या गुंत्याचे) धागे रोलरमध्ये अडकतात. काहीजण हवेच्या पाइपाने बेअरिंग गरगर फिरवून वाळवतात, तसे मुळीच करू नये. कोरडे बेअरिंग वेगाने फिरले तर ते घासते आणि रोलरांना धरून ठेवणारा पिंजरा तुटून रोलर अंगावर उडू शकतात.

धुऊन वाळलेला कोन बोटांवर धरून सावकाश फिरवावा. प्रत्येक रोलर एकसारखा, चमकदार, राखाडी दिसायला हवा. खड्डे, सोललेले पापुद्रे, निळा किंवा तपकिरी रंग, रोलरांमध्ये वाकडा झालेला पिंजरा, यांपैकी काहीही दिसले की बेअरिंग बदलावे. कपावर बोट फिरवून खाच जाणवते का ते पाहावे. एक कमी ज्ञात कारण सांगतो: पत्र्याच्या कामासाठी गाडीला इलेक्ट्रिक वेल्डिंग करताना अर्थची वायर चुकीच्या जागी लावली आणि प्रवाह चाकातून गेला, तर रोलर आणि कप यांच्यामध्ये ठिणग्या पडून बारीक डाग पडतात. वेल्डिंगनंतर बेअरिंग वाजू लागले असेल तर हे कारण ध्यानात घ्यावे.

फक्त कोन बदलला आणि कप तसाच ठेवला तर?

तसे करू नये. कप आणि कोन यांची झीज एकमेकांबरोबर झालेली असते. जुन्या कपात नवा कोन लवकर खराब होतो. जुना कप हबमधून आतल्या बाजूने, समोरासमोर आळीपाळीने ठोकत काढावा. नवा कप बसवताना पितळी पंच वापरावा किंवा जुनाच कप उलटा ठेवून त्यावर ठोकावे, म्हणजे नव्यावर घाव बसत नाही. कप जागेवर टेकेपर्यंत हातोडीचा आवाज पोकळ येतो आणि तो टेकला की एकदम भरीव, ठणठणीत होतो. हा बदल कानांनी ऐकून थांबावे. कप थोडाही वर राहिला तर तो गाडी चालताना खाली बसतो आणि तुम्ही जपून ठेवलेली फट दोन दिवसांत दुप्पट होते.

बेअरिंगवरचा क्रमांक कडेवर कोरलेला असतो. कपाचा आणि कोनाचा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही लिहून न्यावेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात नाना पेठेत चौकशी केल्यास जुन्या गाड्यांच्या क्रमांकांची बेअरिंगे अजून मिळतात. नकली माल बाजारात आहे, तेव्हा खोक्यावरच्या छपाईपेक्षा बेअरिंगवरचे कोरीव अक्षर पाहावे आणि बिलाशिवाय घेऊ नये.

ग्रीस हाताने भरायचे म्हणजे नक्की कसे?

डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यावा. उजव्या हातात कोन धरून त्याची रुंद बाजू गोळ्याच्या कडेवर दाबत, खरवडल्यासारखी खाली ओढावी. असे पाच-सहा वेळा केले की पिंजऱ्याच्या अरुंद बाजूने, दोन रोलरांच्या मधून, ग्रीसच्या बारीक अळ्या बाहेर येतात. त्या दिसेपर्यंत त्या जागी ग्रीस भरले गेलेले नाही असे समजावे. मग कोन थोडा फिरवून पुढची जागा घ्यावी. पूर्ण फेरा झाल्यावर रोलरांवरून बाहेरून एक हात फिरवावा. एका बेअरिंगला चार-पाच मिनिटे लागतात आणि ती द्यावीत.

हबच्या पोकळीत सगळीकडे ग्रीस ठासू नये. कपांच्या कडेला एक जाड वळे द्यावे, म्हणजे पातळ झालेले ग्रीस तिथे अडते. पोकळीचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग भरला तरी पुष्कळ झाले. जास्त भरले तर ते घुसळून तापते आणि सील फोडून लायनरवर येते.

सील दर वेळी नवे घालावे. त्याचा ओठ ग्रीसच्या, म्हणजे बेअरिंगच्या बाजूला हवा आणि त्या ओठाला थोडे ग्रीस लावावे. हेराल्डसारख्या जुन्या गाड्यांमध्ये रबरी सीलऐवजी नमद्याचे सील असते. ते बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून निथळून घ्यावे.

नट नक्की कसा बसवावा?

चाक लावून, एका हाताने ते पुढच्या दिशेने सतत फिरवत, दुसऱ्या हाताने नट आवळावा. साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, म्हणजे मध्यम पान्याने एका हाताचा जोर, एवढे झाले की थांबावे. चाक फिरवत राहणे महत्त्वाचे आहे, कारण फिरल्याशिवाय रोलर आपापल्या जागी बसत नाहीत आणि जादा ग्रीस बाजूला होत नाही. मग नट पूर्ण मोकळा करावा आणि पाना खाली ठेवून फक्त बोटांनी, जेवढा सहज फिरेल तेवढा आवळावा. हीच शून्य फटीची जागा.

आता स्प्लिट पिनचे भोक आणि नटाची खाच जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर नट मागे, म्हणजे सोडण्याच्या दिशेनेच फिरवावा, पुढे कधीही नाही. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर आणि नटाला सहा खाचा असतील, तर एक पूर्ण खाच म्हणजे ०.२५ मिलिमीटर आणि अर्धी खाच म्हणजे ०.१२५ मिलिमीटर. पूर्ण खाच मागे घेतली तर फट जास्त होते. म्हणून कित्येक ॲक्सलना काटकोनात दोन भोके असतात, म्हणजे अर्ध्या खाचेला पिन बसते. एकच भोक असेल आणि पूर्ण खाच मागे घ्यावी लागत असेल, तर जाडीत किंचित फरक असलेला दुसरा वॉशर घालून पाहावा. बारीक खाचांचे पत्र्याचे टोपडे नटावर बसत असेल तर ते टोपडे उलटसुलट फिरवून जवळची जागा मिळते.

डायल गेज असेल तर फट मोजावी. नसेल तर नटाखालचा वॉशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने बाजूला ढकलून पाहावा. योग्य बसलेल्या बेअरिंगचा वॉशर हलक्या दाबाने सरकतो. हलतच नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे. चाक बारा-सहाच्या जागी धरून हलवल्यावर जेमतेम जाणवेल न जाणवेल एवढाच प्ले असावा आणि हाताने फिरवलेले चाक आवाज न करता फिरत राहावे. ब्रेक लायनर घासत असतील तर आधी ते मोकळे करावेत, नाहीतर अंदाज चुकतो.

ही रीत प्रत्येक जुन्या हबला चालते का?

नाही. काही इंग्रजी गाड्यांच्या हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये पोलादी स्पेसर आणि शिम असतात. तिथे फट शिमच्या जाडीने ठरते आणि नट पूर्ण टॉर्कने आवळायचा असतो. हब उघडल्यावर आतून नळीसारखा तुकडा किंवा पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या, तर त्या हरवू नयेत आणि मॅन्युअल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जीपच्या पुढच्या हबमध्ये आतला नट, मधला लॉक वॉशर आणि बाहेरचा नट अशी रचना असते. चाक फिरवत आतला नट चाक अडेपर्यंत आवळावा, मग साधारण एक-षष्ठांश फेरा मागे घ्यावा. त्यानंतर लॉक वॉशर आणि बाहेरचा नट घालून पुन्हा तपासावे, कारण बाहेरचा नट आवळला की आतली फट थोडी कमी होते. यासाठी मोठ्या मापाचा ट्यूब पाना लागतो. तो नाही म्हणून छिन्नीने नट फिरवणे हे मी अनेक जीपांवर पाहिले आहे. नटाच्या कडा फाटलेल्या असतात आणि धातूचा चुरा सरळ बेअरिंगमध्ये गेलेला असतो.

मागच्या चाकांचे काय?

बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये मागचे बेअरिंग ॲक्सलवर दाबून बसवलेले असते, ते काढायला प्रेस लागते आणि नटाने फट बसवण्याचा प्रश्न तिथे येत नाही. काहींना डिफरन्शियलमधले नव्वद नंबरचे तेलच पोहोचते. मागच्या ड्रममध्ये तेल दिसले तर ॲक्सलचे सील गेले आहे. लायनर बदलण्याआधी ते बदलावे.

काम झाल्यावर काय तपासावे?

टोपी बसवण्याआधी पिनेची दोन्ही टोके नीट वाकवली आहेत आणि ती टोपीला आतून घासणार नाहीत, एवढे पाहावे. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न मारता थांबावे आणि दोन्ही पुढच्या हबांना हात लावून पाहावा. कोमट लागणे साहजिक आहे. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथला नट पुन्हा पाहावा. नवी बेअरिंगे घातली असतील तर शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून प्ले तपासावा, कारण नवे कप तेवढ्यात थोडे खाली बसतात.

धुण्याचे रॉकेल आणि काढलेले ग्रीस गटारात ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.